मी वहिनीला सांगितलेले अर्थ

मंदावहिनी.

आधी नाव लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी कुठल्या सरांचं नाव घेणार नाही. आईचंही नाही. माझ्या मोठ्या भावाच्या बायकोचं घेईन. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्या पदवीवर माझं नाव छापलेलं असलं तरी ती तिने मिळवलेली आहे. हे मी चारचौघांत बोललोही आहे. लोकांना बरं वाटतं ऐकून. म्हणतात, बघा, पोराने जाण ठेवली.

पण त्याच्या पुढचं मी कधी बोललो नाही. दादाजवळ नाही, माझ्या बायकोजवळ नाही, आई होती तोवर तिच्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. एवढंच खरं कारण आहे.

आमचं घर नवापूरला, बोईसरजवळच्या किनाऱ्यावर. वडील मी लहान असतानाच गेले. दादा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, म्हणजे महिन्यातले कितीतरी दिवस समुद्रावर. वहिनी सातपाटीची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो, अर्ध्या चड्डीत. आणि पहिल्याच दिवशी तिने मला ‘अहो भावजी’ म्हणून हाक मारली. मी मागे वळून बघितलं — कोणाला बोलावते आहे? ती म्हणाली, “तुमालाच बोलते, दुसरे भावजी हायत कुठे घरात?” तेव्हापासून मी ‘तुमी’ झालो तो आजपर्यंत. घरात मला मान देणारं ते पहिलं माणूस.

मी अकरावीत असताना आईला अर्धांगाचा झटका आला. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं — सगळं वहिनीकडे. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात जायची, दुपारपर्यंत मासळी विकून परत यायची, आईला भरवायची आणि मग बोंबलांच्या सुकवणीला लागायची. माझी फी, माझी पुस्तकं, कॉलेजला घालायची पहिली फुलपँट हे सगळं त्या टोपलीतून आलं. मी काय करायचो? पालघरला कॉलेजात जायचो. बी.ए., इंग्रजी विषय घेऊन. आणि दुपारी परत आलो की सुकवणीच्या जागेवर पुस्तक घेऊन बसायचो, कावळे आणि कुत्री हाकलायला. तेवढंच काम होतं मला. तेही मी उपकार केल्यासारखं करायचो.

बोंबील कसे सुकवतात ते तुम्ही बघितलं आहे का? बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची — एक अलीकडे, एक पलीकडे. त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन्ही सारख्या वजनाचे हवेत. एक जड आणि एक हलका घेतला तर जड खाली ओढतो, आणि जोडी घसरून वाळूत पडते. वहिनीचा हात इतका बसलेला होता की ती न बघता टोपलीतून सारखे दोन उचलायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिची मुलगी तनू बालवाडीत जायला लागली. घरी येऊन कॅट-बॅट-रॅट म्हणायची. वहिनीला त्याचं फार अप्रूप वाटलं. इंग्रजी जमेना म्हणून तिची शाळा सहावीतच सुटली होती, आणि ते तिच्या मनात कुठेतरी टोचत असणार. एक दिवस जोड्या टाकता टाकता म्हणाली, “भावजी, तनूच्या शब्दांची पण तोंडं अशीच अडकवलेली दिसतात. मला पण द्या ना दोन-चार जोड्या. हात चालतो तोवर तोंड पण चालेल.”

मी दिल्या. नेट आणि वेट — जाळं आणि ओलं. बोट आणि फ्लोट — होडी आणि तरंगणं. फिश आणि डिश — मासा आणि त्याचं ताट. मी मुद्दाम तिच्या कामातले शब्द निवडले होते. तोपर्यंत माझ्या मनात काही वाईट नव्हतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे — सुरुवातीला काही वाईट नव्हतं. त्याने काय फरक पडतो?

या जोड्यांवरून वहिनीने एक नियम बांधला. तिच्या हाताला जो नियम माहीत होता, तोच तिने शब्दांना लावला. जाळं आहे म्हणून ओलं आहे, होडी आहे म्हणून तरंगते आहे. म्हणजे ज्यांचे आवाज जुळतात त्यांचे अर्थही एकमेकांच्या तोलाचे असणार, नाहीतर जोडी टिकेल कशी? तिने मला हे असंच सांगितलं, अगदी गंभीरपणे, हातात दोन बोंबील धरून. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. भाषेबद्दल इतका सुंदर चुकीचा विचार मी वर्गात कधी ऐकला नव्हता. त्याच वेळी बोलायला हवं होतं — नाही वहिनी, शब्दांत तसं नसतं, आवाज जुळला तरी अर्थाचा काही संबंध नसतो. एका वाक्याचं काम.

मी बोललो नाही. का? आळस, दुसरं काय. परीक्षेचं वाचत होतो. ती म्हणाली, “मून म्हणजे चंद्र ना? मग त्याला जोडीला काय?” मी म्हणालो, स्पून. ती हातातली जोडी दोरीवर टाकत म्हणाली, “चंद्राच्या जोडीला — चांदणं?” आमच्या घरात चमच्याला कोणी स्पून म्हणत नव्हतं, तिला कुठून कळणार? मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो, हो.

तो पहिला ‘हो’. तिचा चेहरा उजळला. अर्थ न विचारता आपला आपण ओळखला म्हणून. ती म्हणाली, “बघा, आलं मला!” मग मला वाटलं, एवढी खूश झाली आहे, आता कशाला मोडायचं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, एवढीशी तर गोष्ट. एवढीशीच राहिली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

थोड्याच दिवसांनी बाजारात तिच्याकडून नेहमी मासळी घेणाऱ्या एका बाईंनी तिला सांगितलं की बोईसरला त्यांच्या ओळखीत एक छोटी इंग्रजी बालशाळा निघते आहे, मुलांना सांभाळायला आणि थोडंफार शिकवायला बायका हव्या आहेत. दहावी झालेली नसली तरी चालेल. लहान मुलांचा लळा हवा, आणि सोपे इंग्रजी शब्द अर्थासकट यायला हवेत — मुलांना यमकाचे शब्द शिकवून दाखवायचे, हीच परीक्षा. वहिनी त्या दिवशी टोपली रिकामी न करताच घरी आली. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. दारातूनच म्हणाली, “भावजी, आपल्या जोड्याच विचारणार हायत!”

ती संध्याकाळ मला आठवते. ती आईला भरवत होती आणि बोलत होती — सावलीत बसायचं काम, हाताला बर्फ नाही, मीठ नाही, तनूला सोबतच नेता येईल. तिच्या बोटांना मिठाने चिरा पडलेल्या असायच्या, त्या हिवाळ्यात उलायच्या. ती कधी बोलली नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलली.

आणि मी बसल्या बसल्या काय विचार केला? लिहितो. मी विचार केला — दिवसभर ती शाळेत गेली तर आईजवळ कोण? दादा समुद्रावर. म्हणजे मी. माझा बी.एड.ला नंबर लागण्यासारखा होता, बाहेरगावी, वसतिगृहात राहून. आईजवळ मी थांबलो तर ते गेलं. तिच्या नव्या नोकरीचा पगार टोपलीपेक्षा कमी असणार, म्हणजे माझी फीही गेली. हे सगळं मी आईच्या खाटेशेजारी बसून, वहिनीकडे बघत, मनात नीट लावून बघितलं.

आणखी एक होतं. ते याहून लहान आणि याहून घाण. आमच्या घरात इंग्रजी येणारा मी एकटा होतो. पाहुणे आले की मला पुढे बसवायचे. कागद आला की माझ्याकडे यायचा. वहिनीलाही इंग्रजी आलं — मासळी विकता विकता, बोंबील टांगता टांगता आलं — तर मग माझं काय राहिलं? मी एवढी वर्षं घरातल्या सगळ्यांच्या कष्टावर बसून काय मोठं केलं?

दुसऱ्या दिवशी ती दुपारी हात धुऊन समोर बसली. म्हणाली, आता नीट शिकवा. तेव्हा मला सगळं सुधारता आलं असतं. त्याऐवजी मी तिला आणखी जोड्या दिल्या. अर्थ मी सांगायचोच नाही. तिला ओळखायला लावायचो, आणि ती ओळखेल त्याला हो म्हणायचो. ट्री म्हणजे झाड, मग नी? ती म्हणाली, मूळ. मी म्हणालो, हो. खरा अर्थ गुडघा. बेल म्हणजे घंटा, मग शेल? ती म्हणाली, घंटेचा टोल. मी म्हणालो, हो. शेल म्हणजे शिंपला — नवापूरच्या किनाऱ्यावर पावलागणिक पडलेला शिंपला. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, हो.

आता हा आळस नव्हता. आता मला माहीत होतं मी काय करतो आहे.

मी एकही अर्थ स्वतःच्या तोंडाने खोटा सांगितला नाही. या हिशेबाने मी कितीतरी वर्षं स्वतःला सोडवत आलो. खोटं तीच बोलली, मी फक्त मान हलवली. पण जो सगळ्यांच्या वतीने शाळा शिकला, त्याची मान हलणं म्हणजे आमच्या घरात छापील पुस्तक होतं. घरातला मोठ्या पडद्याचा फोन एकच होता, तोही माझ्याकडे. तिने दुसऱ्या कोणाला विचारावं तरी का? तिच्याजवळ भावजी होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वेणी घालता घालता तिने सगळ्या जोड्या माझ्यासमोर म्हणून दाखवल्या. एकही अडखळली नाही. “बरोबर हाय ना सगळं?”

मी म्हणालो, “एकदम बरोबर.”

तिच्यासोबत मीच गेलो. एका इमारतीच्या तळमजल्यावर ती शाळा होती, आजूबाजूला कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या वसाहती. मुलं सगळ्या मुलखांतून आलेली, आपापसात हिंदी बोलणारी. मी बाहेर ओट्यावर बसलो. खिडकीतून सगळं दिसत होतं. शाळेच्या बाईंनी मुलांच्या हातात एकेक चित्र दिलं आणि वहिनीला फळ्याजवळ उभं केलं. वहिनीने तिची बरी साडी नेसली होती. मुलं तिच्याकडे लगेच वळली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, तनूला झोपवतानाचं. फिश-डिश झालं, नेट-वेट झालं. बाई मान डोलवत होत्या.

मग ती म्हणाली, “मून म्हणजे चंद्र, स्पून म्हणजे चांदणं. चांदण्याचं चित्र कोणाकडे आहे?” एक मुलगा उठला. “टीचर, स्पून तो मेरे पास है.” त्याच्या हातातलं चित्र बघून ती हसली आणि प्रेमाने म्हणाली, “नाही बाळा, हा चमचा. बस खाली.” मुलगा बसेना. “टीचर, चम्मच ही तो स्पून है!” मुलं हसायला लागली. ती थोडी गोंधळली, पुढे गेली. शेलला एक मुलगी शिंपल्याचं चित्र नाचवत उभी राहिली. वहिनी त्या चित्राकडे बघतच राहिली. ‘नी’ या शब्दापर्यंत पोहोचेतो तिचा आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. मुलं मात्र आनंदाने ओरडत होती — “नी, नी!” आणि आपापले गुडघे बडवत होती.

तेव्हा तिने खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे. रागाने नाही — आधाराला बघतात तसं.

मी खाली वाकलो, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

मुलांना बाहेर खेळायला सोडल्यावर बाईंनी तिला विचारलं — त्या वाईट नव्हत्या, सौम्यपणे विचारलं — हे अर्थ तुम्हाला सांगितले कोणी? दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, “कोणी नाय मॅडम. मला बरोबरच सांगितलेले. माज्याच डोक्यात घोळ झाला.”

मला वाचवण्यासाठी ती असं म्हणाली असती तर मी ते सहन करू शकलो असतो. पण ती मला वाचवत नव्हती. तिला तेच खरं वाटत होतं. माझा हो चुकीचा असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

परत येताना रिक्षात आणखी माणसं होती. ती हळूच म्हणाली, “भावजी, तुमी उन्हातान्हात बसून एवढं शिकवलं. माज्या डोक्यात मासळीच भरलेली, तुमी काय करणार त्याला?”

मी काय म्हणालो असेन? तोपर्यंतही वेळ गेलेली नव्हती. शाळा तिथेच होती, बाई तिथेच होत्या, रिक्षातून उतरून परत जाता आलं असतं. मी म्हणालो, “जाऊ द्या वहिनी. सगळ्यांनाच नाही जमत.”

सगळ्यांनाच नाही जमत. हे वाक्य मी बोललो. बाकी सगळं मी तिच्या शब्दांना हो म्हणून केलं, हे एवढं मात्र स्वतःच्या शब्दांत.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन बाजारात गेली. मी बी.एड.ला गेलो. तिच्याच पैशांनी.

लपवण्याचा तिचा स्वभाव नाही. बाजारातल्या बायकांना तिनेच हसत हसत सगळं सांगितलं, आणि मग त्या तिला टीचर म्हणायला लागल्या. “काय गो टीचर, आज चांदणं कसं दिलं वाट्याला?” असा मासळीच्या वाट्याचा भाव विचारायच्या. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ती पण उलट टोला द्यायची, “तुज्या नवऱ्याला पाठव, त्याला फुकट देते!” आणि सगळ्या हसायच्या. पण त्यानंतर तिने इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. घरात औषधाची बाटली आली तरी त्यावरचं नाव वाचायचा प्रयत्न करत नाही, बाजूला ठेवते — तनू येऊन वाचेल. बोंबील टांगताना ती पूर्वी काहीतरी पुटपुटत असायची. आता गप्प असते.

आई गेली. मी पालघरला एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. तुम्हाला हसू येईल — पाचवीच्या पुस्तकात यमकाच्या शब्दांचा एक पाठ आहे. तो मी कधी शिकवत नाही. एखाद्या हुशार मुलीला पुढे बोलावतो, तिच्याकडून वाचून घेतो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. मुलांना वाटतं, सर मुलांना संधी देतात.

गेल्या शिमग्याला घरी गेलो होतो. तनू आता नववीत आहे. ओसरीवर इंग्रजीचा अभ्यास करत होती, आणि वहिनी तिच्या खांद्यावरून सहज वाकून बघायला लागली. तनू म्हणाली, “आई, तू नको हां बघूस! तू चमच्याला चांदणं बोलणारी बाई.” आणि माझ्याकडे वळून, “काका, आमची आई एवढी ढ कशी ओ?”

दादा हसला. वहिनी तर सगळ्यांत जास्त हसली, पदर तोंडाला लावून. म्हणाली, “काकाला इचार, त्यांनी किती डोकं फोडलंय माज्यापुढे!”

मीही हसलो.

पालघरला परत आल्यावर मला त्या पोरीचा राग येत राहिला — पोरीचा! तिने काय चुकीचं म्हटलं? तिला लहानपणापासून जे ऐकवलं गेलं तेच ती बोलली. आईला काही कळत नाही, हे त्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. दादाला माहीत आहे, तनूला माहीत आहे, बाजाराला माहीत आहे. आणि सगळ्यांत पक्कं तिला स्वतःला माहीत आहे. हे खोटं आहे, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो त्यांच्यासोबत बसून हसत होता.

मग मी पत्र लिहिलं. फोन करता आला असता, नवापूर काही लांब नाही, जाताही आलं असतं. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही. तेही यात धरा. पत्र पोस्टात टाकून बरेच दिवस झाले. तिला मिळालं असेल. त्यात लिहिलं होतं ते असं —

‘वहिनींना नमस्कार.

बोईसरच्या शाळेत तुम्ही परीक्षेला गेला होतात, त्याबद्दल हे लिहितो आहे. ज्या शब्दांचे अर्थ चुकीचे निघाले, त्या सगळ्यांचे खरे अर्थ मला त्या वेळी माहीत होते. तुम्ही एकेक अर्थ विचारलात तेव्हा प्रत्येक वेळी तो चुकीचा आहे हे माहीत असून मी हो म्हणालो. आधी आळसाने म्हणालो. नोकरीचं कळल्यावर मुद्दाम म्हणालो. तुम्ही नोकरीला गेलात तर आईजवळ मला थांबावं लागेल आणि माझं शिक्षण अडेल, म्हणून. आणि घरात दुसऱ्या कोणाला इंग्रजी आलेलं मला नको होतं, म्हणून.

मी खिडकीबाहेर होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

हे पत्र तनूला वाचायला द्यावं की नाही, दादाला सांगावं की नाही, ते तुमच्याकडे.

त्या दिवशी त्या वर्गात तुमचा काहीही घोळ झाला नव्हता. मी जे शिकवलं होतं, ते तुम्ही शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलंत.

प्रकाश’